एकदाच नेसलेल्या साड्या

तुळशीची लग्नं लागली की नगरच्या रस्त्यांवर बँडवाले दिसायला लागतात. परवा आमच्या वसतिगृहासमोरून या वर्षीची पहिली वरात गेली. मैत्रिणी गॅलरीत धावल्या. मी खोलीतच बसून राहिले. वरातीचा आवाज आला की माझ्या नाकात एक वास येतो. डांबरगोळ्या, अत्तर, इस्त्रीची वाफ, वाळलेला घाम. आणि या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी, कापूर.

हा वास दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईचा आहे. त्याबद्दल लिहावं असं खूपदा वाटलं. पण नीट लिहिता येईल का, आणि लिहावं का, हेच ठरत नव्हतं.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. घर पाथर्डी तालुक्यातलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आईवडील दर हिवाळ्यात कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यामुळे वसतिगृहात राहायचं तर दुपारचं काहीतरी काम बघणं भागच होतं. सावेडीत एका दुकानाच्या दारावर ‘मदतनीस मुलगी हवी’ असा कागद दिसला म्हणून आत गेले. वर पाटी होती, ‘एकदाच नेसलेलं’.

दुकान विद्याकाकूंचं. काकू निवृत्त शिक्षिका. सासरे भिक्षुकी करायचे, त्यामुळे घरात पंचांग, सोवळं-ओवळं सगळं होतं, पण काकूंना या दुकानाची हौस. लोक लग्नात एकदा घातलेले कपडे त्यांच्याकडे आणून देत. शालू, घागरे, शेरवान्या. काकू ते विकत घेत नसत, नुसते ठेवून घेत. गिऱ्हाईक लागलं की अर्धे पैसे मालकाला. तीन महिन्यांत खपलं नाही तर ज्याचं त्याला परत. कपड्याच्या चिठ्ठीवर मालकाचं नाव नाही, नुसता नंबर.

पहिल्या दिवशी मी त्या रांगेपुढं उभी राहिले आणि खरंच हादरले. एकदाच नेसायची आणि विकून टाकायची? आमच्या घरातून कधी साडी विकली गेल्याचं मला आठवत नाही. साडी आधी सणाची असते, मग बाजारची, मग रानातली. मग तिची गोधडी होते, लेकराची झोळी होते, उसाच्या फडावरच्या कोपीला, पाचटाच्या खोपटाला, आडोसा होतो, आणि अगदी शेवटी चुलीपाशी मसोतं. आईच्या लग्नातला शालू अजून आमच्या गोधडीत आहे; मी लहानपणी त्याच्या जरीवर बोट फिरवत झोपायचे. त्या दुकानातल्या साड्यांना पुढचं काहीच माहीत नव्हतं.

हळूहळू मला काम आवडायला लागलं. गिऱ्हाइकं तर ऐकत राहावी अशी.

“हा शालू कोनाचा हाय वो?” काष्टीहून आलेल्या एका मावशींनी विचारलं होतं.

“नाव सांगत नाही आम्ही, मावशी.”

“नाव नको मला. गाव सांग. आमच्या काष्टीतला नसला म्हंजे झालं. न्हाईतर भर मांडवात एखादी म्हनायची, अगं बाई, ही तर माझी साडी!”

त्यांची जाऊ मागून म्हणाली, “मग तिला म्हनावं, तू काय नेसलीयस ते बघू, ती माझी हाय का.”

दोघी इतक्या हसल्या की शालू बाजूलाच राहिला. शेवटी घेतलाही.

माझं काम तपासणीचं. आलेला कपडा टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पसरायचा आणि उजेडात बघायचा. पिनांची भोकं, काजळ, वरणाचे डाग, फॉलचे उसवलेले टाके. मग नाकाजवळ न्यायचा. काकू म्हणायच्या, “डोळे फसतात, अर्चना. नाक फसत नाही.” घड्यांमधून काय काय निघायचं! सुपाऱ्या, टिकल्या, एका शेरवानीच्या खिशात अर्धा खाल्लेला पेढा. आणि साड्यांतून तांदूळ. ओटीत भरलेले तांदूळ कितीही झटकले तरी चारदोन दाणे काठाच्या दुमडीत राहतातच. सोबत हळदीकुंकवाचा कण.

त्यातून मला एक कल्पना सुचली. असे तांदूळ निघाले की मी चिठ्ठीवर नंबराखाली छोट्या अक्षरात लिहायला लागले, ‘ओटीची’. बायका ते वाचायच्या आणि त्यांचा हात तिथंच थांबायचा. दुसरीची नेसलेली साडी घ्यायला मन कचरत असलं तरी ओटीची म्हटलं की शुभच. विशेषतः डोहाळेजेवणासाठी हिरव्या साड्या शोधणाऱ्या बायका. काकूंनी पाठ थोपटली. “पोरीनं बरं डोकं चालवलं.” आमच्या घरात डोकं चालवण्याबद्दल मला कुणी कधी शाबासकी दिली नव्हती, तशी वेळच आली नव्हती. मी फार खूश झाले. पुढं जे घडलं त्याची सुरुवात माझ्या त्या अक्षरातून झाली, म्हणून हे सांगायलाच हवं.

माघातली दुपार होती. एक गृहस्थ आले. पंचेचाळीस-पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, एका काखेत हेल्मेट आणि दुसऱ्या हातात चादरीत बांधलेलं गाठोडं. काकू बँकेत गेल्या होत्या. मी गाठोडं सोडलं. नऊ साड्या. नऊच्या नऊ हिरव्या.

“सगळ्या नव्या आहेत,” ते म्हणाले. “एकही नेसलेली नाही.”

“आहेरात आल्या का, काका?”

त्यांनी हेल्मेट दुसऱ्या काखेत घेतलं. “आल्या. नातेवाइकांनी आणल्या.”

मी वरची साडी उलगडली. पोपटी हिरवी, काठ पिकल्या आंब्याच्या रंगाचे. घडीतून तांदळाचे सातआठ दाणे चादरीवर पडले. वर कुंकू सांडल्यासारखं. मी वासही घेतला. काहीतरी गोडसर, थंड. देवघरासारखं वाटलं.

“लवकर जातील ना?” त्यांनी विचारलं.

“हिरव्या लगेच जातात, काका. सध्या लई मागणी आहे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याला काय म्हणावं हे मला आजही कळत नाही. मग त्यांनी सही केली, चादर घडी करून काखेत घेतली आणि गेले. मी नऊ चिठ्ठ्या लिहिल्या. नऊही ‘ओटीच्या’.

पोपटी साडी मी रांगेत लावलीच नाही. ती मी आक्कासाठी ठेवली.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, मनीषा. पहिल्या खेपेला तिचं सातव्या महिन्यात सगळं संपलं होतं. डोहाळेजेवणाचा दिवससुद्धा धरला होता. साडी तेवढी आणायची राहिली होती. नंतर घरी भेटायला आलेल्यांपैकी एक बाई म्हणाली, “हिरवी साडी अंगाला लागलीच न्हाई पोरीच्या.” तिला काय, बोलून गेली. पण ते आईच्या मनात रुतून बसलं. या खेपेला आक्का परत सातव्यात होती. त्या वर्षी आई फडावर गेलीच नाही, आक्काला माहेरी आणून तिच्याजवळ थांबली. मी फोनवर म्हटलं, “आई, साडी मी आणते. माझ्या कमाईची.”

घरी पोचले तर आई उंबऱ्यात होती. तिनं साडी हातात घेतली, उलगडली, नाकाशी नेली. मग माझ्याकडं पाहिलं.

“कुठनं आनली?”

“दुकानातनं. ओटीची हाय.”

“बरं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर साडी दारातल्या तारेवर वाळत होती. मी ओरडलेच. “नवी साडी धुतीस कशाला? रंग उतरंल की!”

“उतरू दे.”

आक्काचं डोहाळेजेवण झालं. गल्लीतल्या पंधरा-वीस बायका, फुलांचे दागिने, झेंडूच्या माळा लावलेली खुर्ची. आक्का खुर्चीत बसली आणि कितीतरी महिन्यांनी हसली. मी मोबाईलवर फोटो काढले. तिचं एक बोट सारखं आंब्याच्या रंगाच्या काठावरून फिरत होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी दुकानात एक मुलगी आली. माझ्याच वयाची, पाठीला कॉलेजची सॅक. तिनं रांगेतल्या हिरव्या साड्या एकेक करून सरकवल्या आणि मग काउंटरपाशी आली.

“माझ्या पप्पांनी इथं साड्या दिल्यात. हिरव्या. मी परीक्षेला पुण्यात होते, मला न विचारता दिल्या. बाकीच्या राहू देत. मला त्यातली एकच परत हवीय.”

“कुठली?”

“पोपटी. आंब्याच्या रंगाचे काठ आहेत. पदराच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचा एक टाका आहे. माझी आजी तिच्या प्रत्येक साडीला घालते, ओळखू यावी म्हणून. ती आजीनं आणली होती आईसाठी.”

“आईंसाठी? मग त्यांनी नेसली नाही का?”

“नेसवायची होती. आजी अकोले तालुक्यात राहते, वर डोंगरात. गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. तोवर इथं दुसऱ्यांनी आईला नेसवून ठेवलं होतं. मग आजीची नुसती वरून पांघरली. न्यायच्या आधी सगळ्या काढल्या ना बाजूला, तेव्हा ती मी कपाटात ठेवली होती.”

मला शब्द ऐकू येत होते आणि अर्थ लागत नव्हता. न्यायच्या आधी. मी विचारलं, आणि असं का विचारलं ते मला माहीत नाही, “पण घडीत तांदूळ होते.”

“ओटी भरली होती,” ती म्हणाली. “सवाष्ण गेली ना आई.”

काउंटरची काच मी दोन्ही हातांनी धरली. गार होती. बाहेर कुणाच्या तरी हळदीचा टेम्पो गाणी वाजवत चालला होता. नऊ हिरव्या साड्या, नऊ घरांतून, नऊ जणींनी आणलेल्या. लग्नातसुद्धा नातेवाईक अशाच आणतात. असंच कुंकू सांडतं. असेच तांदूळ. मी खेड्यातली, सवाष्ण गेली की तिला हिरवी साडी नेसवतात, हिरव्या बांगड्या भरतात, ओटी भरतात, हे लहानपणापासून बघितलेलं. आणि तरी चादरीवर ते दाणे पडले तेव्हा माझ्या मनात फक्त मांडव आला. मीच विचारलं होतं, आहेरात आल्या का. आणि तो माणूस खोटं बोलला नव्हता.

मग आठवलं. आक्का.

त्या मुलीचं नाव प्राजक्ता. “चारपाच दिवस दे मला,” एवढंच मी तिला म्हणू शकले.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. “माझ्या सासऱ्यांनी जन्मभर दोन्हीकडची कार्यं केली, लग्नाचीही आणि मर्तिकाचीही. आणि माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत...” त्यांनी चष्मा काढून नुसताच हातात धरला. चार साड्या विकल्या गेल्या होत्या, चार रांगेत होत्या. रांगेतल्या त्यांनी उतरवून कपाटात ठेवल्या. विकलेल्यांचं काय? सांगितलं तर चार घरांत भीती घालायची, न सांगावं तर आपल्याच मनात ती वागवायची. काकूंनी तासभर विचार केला आणि फोन उचलला. मालकाचं नाव सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं. दोघींनी साड्या परत आणून दिल्या. एकीनं तर पिशवीला हात लागू नये म्हणून काठीला अडकवून आणली. तिसरी म्हणाली, “मला सांगितलंत ते ठीक, सासूबाईंना नका सांगू.” चौथी म्हणाली, “अहो, लग्न होऊन सून नांदायलासुद्धा लागली. आता बसा गप्प.”

पाचवी साडी माझी होती. तो फोन मलाच करायचा होता, आणि फोनवर ते सांगवेना.

एसटीत खिडकीशी बसून मी सगळी वाक्यं जुळवली. पाथर्डी येईपर्यंत एकही राहिलं नाही. आक्काला आठवा लागला होता. सांगावं आणि भीतीनं तिला काही झालं तर? न सांगता साडी मागावी तर कारण काय द्यावं? आणि न मागावी, तर ती मुलगी?

आई परड्यात भांडी घासत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि हळू आवाजात सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“गावातल्या किती बायांना मी शेवटचं न्हाऊ घातलंय, अर्चे. ओटीच्या तांदळाला कापराचा वास नसतोय. घडी नाकाशी नेली तवाच कळलं.”

“मग तू आक्काला नेसवलीस कशी?”

“तू पयल्या कमाईची आनलीवती. दारात हुभी हुतीस. तुझं त्वांड बघून मला बोलवंना.” तिनं परात पालथी घातली. “आन वाटलं, कुनाच्या तरी मायनं लेकीला घेतलेली साडी. तिच्यात काय वंगाळ आसंल? धुतली. नेसवली.” मग वर न बघता, “पर तवापास्नं मला जेवान ग्वाड लागंना झालंय. रोज सकाळी आधी तिच्या पोटाकडं बघतीया.”

माझी आई भीत नाही असं मी समजत होते. तिला भीती होती आणि ती माझ्या तोंडाकडं बघून गिळली होती. त्या मुलीच्या बोलण्यानं मला जेवढा धक्का बसला त्याहून हा मोठा होता.

“काय चाललंय दोघींचं?” आक्का दारात उभी होती. कंबरेवर हात. किती वेळ, कुणास ठाऊक.

आई म्हणाली, “काय न्हाई.” आणि मी त्याच वेळी म्हणाले, “आक्का, ती साडी...”

सांगितलं. अडखळत, मागचं पुढं करत, पण सगळं. आक्काचा हात कंबरेवरून पोटावर आला. तिचा चेहरा उतरला. मग ती रडेल असं वाटलं, पण ती चिडली.

“मला इचारायचं हुतं. माझ्या अंगावर हुती ना ती? तुमी दोघी ठरवनार, हिला काय सांगायचं न्हाई. मागल्या येळंलाबी तसंच. डाक्टर तुमाला बोलला, नवऱ्याला बोलला. मला समद्यात शेवटी.”

आक्का आत गेली. पेटीचं झाकण आदळल्याचा आवाज आला. मी उठले, पण आईनं माझा हात धरून खाली बसवलं. मग आक्का साडी घेऊन बाहेर आली, पायरीवर टेकली आणि पदर उलटा करून उजेडात धरला. लाल दोऱ्याचा टाका होता. तपासणीत तो माझ्या नजरेतून सुटला होता.

“कशी हाय ती पोरगी?” आक्कानं विचारलं.

“माझ्याएवढी.”

“तिच्या आजीनं आनल्याली?”

“व्हय. उशीर झाला तिला. नुसती पांघरली.”

आक्कानं साडीची घडी घातली. सावकाश, काठाला काठ जुळवून, पोट सांभाळत. “नेऊन दे तिला,” ती म्हणाली. “आन तिच्या आजीला सांगाय लाव, नेसलीय म्हनावं एकदा. नुसती पांघरून न्हाई ऱ्हायली.”

प्राजक्तानं साडी दुकानातच उलगडली. तोंडाशी नेली. डोळे मिटून वास घेतला, परत घेतला, मग पदराचा, मग काठाचा.

“वास नाही,” ती म्हणाली.

मला एकदम आठवलं, दारातली तार.

“माझ्या आईनं धुतली,” मी म्हणाले. “तिला माहीत नव्हतं...” आणि थांबले, कारण आईला माहीत होतं. फक्त त्या वासासाठी कुणी येईल, हे आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं. प्राजक्ता स्टुलावर बसली. काकू पाणी घेऊन आल्या, ते तसंच राहिलं. मला वाटलं, आता आक्काचं म्हणणं सांगणं बरं दिसणार नाही. तरी सांगितलं. सांगायचा शब्द दिला होता.

तिनं विचारलं, “फोटो आहे?”

मी मोबाईल दिला. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. आक्काच्या चेहऱ्यावर नाही थांबली. पदर, खांदा, निऱ्या, काठ, असं सावकाश बघत गेली.

“हा मला पाठव,” ती म्हणाली. “आजीला दाखवते.”

चैत्रात आक्काला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आईनं त्या दिवशी पोटभर जेवण केलं. मी प्राजक्ताला कळवलं. दोन दिवसांनी तिच्याकडून आजीचा आवाज आला, मोबाईलवर रेकॉर्ड केलेला. मी दुकानात होते. काकूही जवळ येऊन उभ्या राहिल्या. मला धास्ती वाटत होती, म्हातारी रडेल, आशीर्वाद देईल, की बोल लावेल. मागं कोंबडी ओरडत होती. मग म्हातारीचा ठणठणीत आवाज:

“फोटू बघितला गं. निऱ्या बऱ्या पडल्यात. मला लई घोर हुता, काठ जड व्हतील म्हनून.”

एवढंच. काकू मागं वळून शेरवान्या सारख्या करायला लागल्या. त्या आधीच सारख्या होत्या.

परवा वरात गेल्यावर मी दुकानात गेले. या वर्षीचं पहिलं गाठोडं आलं होतं. आता आम्ही आणणाऱ्याला सरळ विचारतो, साडी कुठल्या कार्यातली. सवय झाली तरी विचारताना माझा आवाज बारीक होतो. चादरीवर एक निळी साडी पसरली आणि घडीतून तांदळाचा एक दाणा घरंगळला. मी तो उचलून तळहातावर ठेवला, वास घेतला. कसलाच नव्हता. चिठ्ठीवर फक्त नंबर लिहिला, आणि पदराची आतली बाजू उलटून उजेडात धरली, कुणाचा टाका आहे का ते बघायला.